चंद्र एवढा मोठा का? नवशिक्याच्या कल्पनारम्य रेंडरवर अभिप्राय देताना

नवशिक्याचे पहिले कल्पनारम्य रेंडर, म्हणजे संगणकात मांडलेल्या त्रिमितीय सीनमधून काढलेले चित्र, ओळखायला वेळ लागत नाही. समुद्रातला किल्ला, त्यामागे परातीएवढा चंद्र, वर पंख पसरलेला ड्रॅगन आणि या सगळ्यावर कोठून आला ते न कळणारा एकसारखा उजेड. असे चित्र समोर आल्यावर ‘छान जमलंय’ म्हणून मोकळे होणे सोपे असते आणि चुकांची लांबलचक यादी काढून देणे त्याहूनही सोपे असते. काही वर्षांपूर्वी मी एका मुलाला अशी चौदा मुद्द्यांची यादी पाठवली होती. त्यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता. त्याने मनापासून आभार मानले आणि तो सीन पुन्हा कधी उघडला नाही. मुद्दे बरोबर असूनही अभिप्राय का फसला, हे मला पुढे बऱ्याच उशिरा कळले. जे आता पहिल्यांदाच दुसऱ्याच्या कामावर अभिप्राय द्यायला बसणार आहेत, त्यांना तेवढा उशीर होऊ नये म्हणून ही पद्धत लिहून ठेवत आहे. उदाहरणासाठी वर सांगितलेलेच चित्र घेतो आणि ते ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले आहे असे धरतो, कारण २००२ पासून मुक्त स्रोत असलेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि घरच्या लॅपटॉपवर शिकणारे मला भेटलेले बहुतेक जण त्यापासूनच सुरुवात करतात.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. कागदावर चित्र काढणाऱ्याचा कागद खरोखर कोरा असतो. संगणकातली नवी फाइल तशी नसते. ब्लेंडर उघडताच दोन मीटरचा एक ठोकळा, १००० वॉटचा एक दिवा आणि ५० मिलिमीटर भिंगाचा एक कॅमेरा आधीच मांडून ठेवलेला असतो. नवशिका ठोकळा पुसतो, पण दिवा आणि कॅमेरा बहुधा तसेच राहतात, कारण ते बदलायचे असतात हेच त्याला ठाऊक नसते. पहिल्या रेंडरमधले निम्म्याहून अधिक दोष हे अशा न हलवलेल्या सेटिंगचे असतात. त्यांचा त्याच्या हाताशी किंवा कल्पनाशक्तीशी फारसा संबंध नसतो. म्हणून चित्रातली प्रत्येक खटकणारी गोष्ट पाहताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा निर्णय या माणसाने घेतला आहे की संगणकाने? संगणकाने घेतला असेल, तर तो कोठे घेतला गेला ते दाखवून द्यावे. माणसाने घेतला असेल, तर तो निभावून नेण्यासाठी आणखी काय करावे लागेल तेवढेच सांगावे. माझ्या चौदा मुद्द्यांत मी या दोन्हींची सरमिसळ केली होती.

आधी विचारावे

चित्रावर काही लिहिण्यापूर्वी त्याला तीन-चार गोष्टी विचाराव्यात. पाहणाऱ्याला प्रथम काय दिसावे अशी इच्छा होती? यातले काय स्वतः केले आहे आणि काय तयार आणले आहे? रेंडर कोणत्या यंत्रावर केले आणि त्याला किती वेळ लागला?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार महत्त्वाचे असते. ड्रॅगनचे मॉडेल उतरवून घेतलेले असेल, तर त्याच्या मानेच्या खवल्यांवर परिच्छेद लिहिण्यात दोघांचाही वेळ जातो. ते त्याने केलेलेच नाहीत. तेथे बोलायचे ते ड्रॅगनच्या जागेबद्दल, शरीराच्या वळणाबद्दल, त्याच्यावर पडणाऱ्या उजेडाबद्दल, आणि मूळ मॉडेलच्या परवान्यात श्रेय देणे बंधनकारक असेल तर त्याबद्दल. शब्द लिहून यंत्राकडून काढून घेतलेले चित्र असेल, तर त्यात दिवा किंवा कॅमेरा हलवण्याची सोयच बहुधा नसते, त्यामुळे पुढची बरीचशी चर्चा त्याला लागू पडत नाही. तेव्हा चित्र कसे झाले आहे हेही येथेच कळलेले बरे.

तिसरा प्रश्न सल्ल्याच्या किमतीचा आहे. आठ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर, रात्री वीज जाणार नाही या भरवशावर रेंडर लावून झोपणाऱ्या मुलाला ‘सॅम्पल्स (प्रत्येक पिक्सेलसाठी घेतलेले उजेडाचे नमुने) चारपट करा’ असे सांगणे म्हणजे त्याच्याकडे चार रात्री मागणे होय. ते मागायला हरकत नाही, परंतु आपण किती मागतो आहोत ते आपल्याला माहीत असावे.

मग पाहावे, आणि लगेच लिहू नये

चित्र प्रथम टपाल तिकिटाएवढे करून पाहावे. त्या आकारात ड्रॅगन ड्रॅगन म्हणून ओळखू येतो का, की चंद्रावरचा डाग वाटतो? मग रंग काढून करड्या छटांत पाहावे. किल्ला, समुद्र आणि आकाश एकाच करड्या रंगात मिसळून जात असतील, तर रंगांनी आतापर्यंत आपल्याला फसवले होते असे समजावे. शेवटी ते आरशातल्यासारखे उलटे करावे. चित्राकडे बघून बघून सरावलेल्या डोळ्याला न दिसणारा कल उलट्या चित्रात चटकन दिसतो. ड्रॅगन चौकटीबाहेर सरकतो आहे, किल्ल्याचा एक बुरूज कलला आहे, असे काहीतरी हमखास निघते.

या पाहणीत आपला डोळा प्रथम कोठे गेला, ते एका ओळीत टिपून ठेवावे. नवशिक्याने ‘प्रथम किल्ला दिसावा’ असे सांगितले असेल आणि आपली नजर चंद्रावरून हलत नसेल, तर अभिप्रायाचा पहिला मुद्दा मिळालाच, आणि तो आपल्या आवडीनिवडीतून न येता त्याच्याच हेतूतून आलेला आहे.

मुद्द्यांचा क्रमही ठरलेला असावा: आधी कॅमेरा आणि मांडणी, मग उजेड, मग प्रमाण, मग पृष्ठभाग, आणि रेंडरमधला कणकणपणा सर्वांत शेवटी. कॅमेरा बदलायचा असेल तर बाकीचे सगळे पुन्हा करावे लागते. आधी दगडांचे टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेले चित्र) सुधारायला लावून नंतर ‘खरे तर कॅमेरा खाली घ्या’ असे म्हणणाऱ्या मार्गदर्शकावरचा विश्वास उडतो, आणि तो उडावाच.

उजेड: चंद्राचा हिशेब

उजेडापाशी मी सर्वांत जास्त थांबतो, कारण कल्पनारम्य चित्र फसते ते बहुतेकदा येथेच.

आपल्या चित्रात चंद्र किल्ल्याच्या मागे आहे, तरीही किल्ल्याची आपल्याकडची भिंत लख्ख उजळलेली आहे. इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्थिरचित्र काढलेल्या कोणालाही हे खटकेल. तेथे सुरईची सावली खिडकीच्या उलट बाजूला पडते, हे आपण शिसपेन्सिलीने गिरवून शिकलेलो असतो. पण येथे ‘सावल्या चुकल्या आहेत’ एवढे म्हणून भागत नाही, कारण नवशिक्याने सावल्या काढलेल्याच नाहीत. त्याने आकाशात एक गोल ठेवून त्याला चमकवले आणि उजेड मात्र फाइलीबरोबर आलेल्या दिव्याचाच राहिला. चित्रात दिसतो तो चंद्र आणि उजेड देणारा दिवा या त्याच्या सीनमध्ये दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे कारण त्याला सांगावे.

उपायही नेमका असावा. मूळ दिवा काढून टाकावा, ‘सन’ प्रकारचा दिवा आणावा आणि त्याची दिशा चंद्राकडून किल्ल्याकडे करावी. येथे एक खाचखळगा आहे तो आधीच सांगून टाकावा: या दिव्याची फक्त दिशा मोजली जाते, जागा नाही. मी कित्येकांना तो दिवा उचलून चंद्राच्या पाठीमागे नेऊन ठेवताना आणि काहीच बदलत नाही म्हणून वैतागताना पाहिले आहे. तो फिरवायचा असतो.

आता चंद्राचा आकार. पृथ्वीवरून चंद्र सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. ब्लेंडरच्या ५० मिलिमीटर भिंगातून १९२० पिक्सेल रुंदीचे चित्र काढले, तर खरा चंद्र त्यात जेमतेम २५ पिक्सेलचा येईल, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढाही नाही. नवशिक्याचा चंद्र ४०० पिक्सेलचा आहे. हे ऐकून ‘चंद्र लहान करा’ असे सांगण्याचा मोह होतो आणि नेमकी तेथेच चूक होते. ज्या जगात ड्रॅगन उडतात तेथे चंद्र मोठा असायला कोणाची हरकत आहे? हा निर्णय संगणकाचा नाही, त्या मुलाचा आहे. मात्र तो पूर्ण निभावलेला नाही. ४०० पिक्सेलचा चंद्र या भिंगाच्या हिशेबाने साडेआठ अंशांचा होतो आणि एवढ्या रुंद दिव्याच्या सावल्यांच्या कडा मऊ पडतात. ‘सन’ दिव्याला कोनाची एक सेटिंग असते. ती मुळात ०.५२६ अंशांवर, म्हणजे खऱ्या सूर्याच्या दृश्य रुंदीवर ठेवलेली असते. ती साडेआठच्या आसपास नेली की बुरुजाची सावली बुरुजापाशी रेखीव आणि पुढे पुढे विरत जाणारी होते, आणि तो अचाट चंद्र एकदम त्या जगातला वाटू लागतो. एकच आकडा बदलायचा असतो आणि रेंडरचा वेळही फारसा वाढत नाही. असा सल्ला मिळालेला नवशिका दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

उजेड मागून आला की किल्ल्याची पुढची बाजू काळी पडेल आणि मुलगा घाबरेल, हेही गृहीत धरावे. त्याला सांगावे की काळोख हा दोष नव्हे. चंद्रासमोरची तटाची कड उजळली आणि आकाशाचा मंद निळा उजेड भिंतीवर राहिला की किल्ला वाचता येतो. तेवढ्याने भागले नाही, तर दरवाजाशी दोन मशाली पुरतात. त्यांचे पाण्यातले प्रतिबिंब फुकट मिळते. (चांदणे निळे असते हा चित्रकारांचा आणि सिनेमावाल्यांचा संकेत आहे, चंद्रावरून येतो तो सूर्याचाच उजेड. तरीही तो संकेत मोडायला मी नवशिक्याला सांगत नाही.)

ड्रॅगनच्या तोंडची आग सपाट पिवळ्या ठिगळासारखी दिसत असेल, तर रंग बदलायला सांगण्याआधी ‘व्ह्यू ट्रान्सफॉर्म’ (सीनमधला उजेड पडद्यावरच्या रंगांत बदलणारी सेटिंग) कोणता आहे ते विचारावे. २०१९ च्या २.८० आवृत्तीपासून तेथे ‘फिल्मिक’ आणि २०२३ च्या ४.० पासून ‘एजीएक्स’ आपोआप निवडलेला असतो. एखादा जुना व्हिडिओ बघून मुलाने तेथे ‘स्टँडर्ड’ केले असेल, तर प्रखर रंग असेच कापले जातात.

प्रमाण: किल्ला की खेळणे

‘किल्ला खेळण्यातला वाटतो’ हे वाक्य खरे असले, तरी ते ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. डोळा आकार कशावरून ठरवतो ते शोधावे. भिंतीच्या टेक्स्चरमधला एकेक दगड दरवाजाएवढा असेल, तर पाहणारा दगडाला नेहमीच्या दगडाएवढा धरतो आणि किल्ला आपोआप लहान होतो. समुद्राच्या लाटा निम्म्या तटापर्यंत पोचत असतील, तर समुद्राचे टबातले पाणी होते. दोन्हींवर उपाय एकच: १.७ मीटर उंचीची एक साधी आकृती दरवाजात उभी करून सगळे तिच्याशी ताडून पाहावे आणि शेवटी हवी तर काढून टाकावी. मुरूडजवळचा जंजिरा पाहिलेल्या मुलाला तर आठवणच पुरते. त्याची तटबंदी पाण्यापासून सुमारे ४० फूट, म्हणजे साधारण १२ मीटर उंच आहे आणि होडीतून जवळ जाताना ती कशी अंगावर येते ते ज्याने अनुभवले, त्याला ‘कॅमेरा होडीत बसवून पाहा’ एवढे सांगितले तरी कळते.

जंजिऱ्याचाच आणखी एक दाखला देण्याजोगा आहे. समुद्रातल्या कोणत्याही तटावर भरतीच्या रेषेपर्यंत एक काळपट, ओला, शेवाळलेला पट्टा असतो. नवशिक्याच्या किल्ल्याला तो कधीच नसतो. भिंत स्वच्छ कोरडी खाली येते आणि पाण्यात सरळ घुसते, त्यामुळे किल्ला समुद्रावर आणून ठेवल्यासारखा दिसतो. तो पट्टा गडद आणि अधिक चकचकीत करायला अर्धा तास लागतो.

दूरच्या वस्तू हवेमुळे फिकट व्हायला हव्यात, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. पण ‘मिस्ट पास’ (अंतरानुसार धुके चढवण्याची सोय) वापरायला सांगताना एक आकडाही सांगावा. ब्लेंडर ते धुके कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर सुरू करते आणि पुढच्या २५ मीटरांत पूर्ण करते. तीनशे मीटरवरचा किल्ला त्यात अख्खा बुडतो आणि ‘तुमचा उपाय चालत नाही’ असा निरोप येतो.

ड्रॅगन

येथे जपून बोलावे. ‘असा प्राणी उडूच शकणार नाही’ ही टीका निरर्थक आहे. पण पंख कोठून फुटला आहे, हा प्रश्न रास्त आहे. वटवाघळाचा पंख लांबलेल्या बोटांवर ताणलेला असतो. टेरोसॉर या नामशेष उडणाऱ्या सरीसृपांचा एकाच, चौथ्या बोटाच्या आधारे पसरलेला असे. चार पाय आणि शिवाय दोन पंख असलेला ड्रॅगन या दोघांत बसत नाही, तर न बसो. मात्र त्या पंखाच्या मुळाशी खांद्याचे स्नायू दिसले पाहिजेत. पाठीवर चिकटवलेला पंख कोणाच्याही डोळ्याला खटकतो. मॉडेल त्याने स्वतः केले असेल तरच हे सांगावे, आणि सोबत कोंबडीची छाती नीट पाहायला सांगावी. पंख हलवणारे मांस कोठे असते ते स्वयंपाकघरात कळते.

मॉडेल तयार आणलेले असेल, तर ड्रॅगनचे पाण्यातले प्रतिबिंब आणि किल्ल्यावरची सावली आहे का, एवढे पाहून पुढे जावे.

पृष्ठभागांबद्दल थोडक्यात. ‘सगळे प्लास्टिकचे वाटते’ असे म्हणण्याऐवजी त्याचे कारण दाखवावे: नव्या मटेरियलचा ‘रफनेस’ (खडबडीतपणा) ०.५ असतो आणि दगड, लाकूड, कातडी या सगळ्यांना तोच राहिला आहे. शिवाय भिंतींच्या कडा गणितातल्यासारख्या धारदार आहेत. दोन सेंटिमीटरचा ‘बेव्हल’, म्हणजे कडेला किंचित उतार, दिला की कडेवर उजेडाची बारीक रेघ उमटते. कणकणपणावर पहिल्या फेरीत अवाक्षरही काढू नये.

लिहिताना

एका फेरीत तीनच मुद्दे. प्रत्येकात मला काय दिसले, ते कशामुळे झाले असावे, काय करून पाहावे आणि त्याला किती वेळ लागेल हे यावे. जमलेल्या गोष्टीही तितक्याच नेमक्या सांगाव्यात, कारण दुरुस्ती करताना काय मोडायचे नाही ते मुलाला त्यातूनच कळते; नुसत्या ‘छान’मधून कळत नाही. आपल्या चित्रावरचा अभिप्राय मी साधारण असा लिहीन:

‘ड्रॅगनच्या पंखांची कड बरोबर चंद्रावर आली आहे, त्यामुळे चित्र लहान करूनही तो लगेच ओळखू येतो. ड्रॅगन आणि कॅमेरा दोन्ही हलवू नका. आता तीन गोष्टी करून पाहा. चंद्र मागे असूनही किल्ला समोरून उजळला आहे. फाइलीबरोबर आलेला दिवा तसाच राहिला असावा. तो काढून सन दिवा आणा आणि उजेड चंद्राकडून किल्ल्याकडे येईल असा फिरवा, दहा मिनिटांचे काम आहे. चंद्र मोठाच हवा असेल तर त्या दिव्याचा कोन साडेआठच्या जवळपास न्या. लहान हवा असेल तर कोनाला हात लावू नका. तुम्हाला काय हवे आहे ते तुम्ही ठरवा. तिसरे म्हणजे दरवाजात १.७ मीटरचा माणूस उभा करून दगड आणि लाटा त्याच्याशी ताडून पाहा. यात एक संध्याकाळ जाईल. आधी निम्म्या आकाराचे रेंडर काढून दाखवा, रात्रभर मशीन लावू नका.’

यात ‘सुंदर’, ‘चूक’ किंवा ‘प्रतिभा’ यांपैकी एकही शब्द नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. त्यांची गरज पडत नाही. ‘मी असतो तर’ ही सुरुवातही टाळावी. तिच्या पुढे बहुधा आपलेच चित्र येते.

दुसरी फेरी

सुधारलेले रेंडर आले की जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवून पाहावे आणि आपल्या तीन मुद्द्यांपैकी कोणते घेतले, कोणते सोडले ते पाहावे. सोडलेल्या मुद्द्याचे कारण विचारावे. काही वेळा उपाय समजलेला नसतो आणि काही वेळा तो पटलेला नसतो. न पटलेला मुद्दा तिसऱ्यांदा मांडू नये. समजा चंद्र ४०० पिक्सेलचाच राहिला, कोन नऊ अंशांवर गेला, सावल्या मऊ झाल्या आणि किल्ल्याची पुढची भिंत काळोखात गेली, तर चंद्राचा विषय तेथे मिटला. आता त्याला भरतीच्या रेषेबद्दल सांगावे.